ट्रेक आयोजकांना खुले पत्र: ती शिट्टी मी ऐकली होती

पुणे, मुंबई, नाशिकहून दर शनिवारी रात्री बस भरून सह्याद्रीत येणाऱ्या सर्व ट्रेक ग्रुपच्या चालकांना आणि लीडर मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी शाळेत खेळ शिकवते. गळ्यात शिट्टी अडकवायला लागून आता २२ वर्षे झाली, त्यामुळे शिट्टीबद्दल मला चार गोष्टी कळतात असे समजायला हरकत नाही. डोंगरात मात्र मी तुमच्यासारखीच हौशी. सुट्टी मिळाली की कुठल्यातरी ग्रुपमध्ये नाव नोंदवते, पैसे भरते आणि मागच्या फळीत चालते. त्या मागच्या फळीतूनच हे पत्र लिहिते आहे.

तीन वर्षांपूर्वीचा जुलै. हरिश्चंद्रगड, खिरेश्वरची वाट. टोलार खिंडीपर्यंत सगळे एका रांगेत होते. रेलिंगचा कातळटप्पा चढून वर आलो आणि धुके असे दाटले की पुढच्याच्या पाठीवरची सॅकही दिसेना. त्या पठाराची गंमत तुम्हाला माहीत आहे. एक टेकाड उतरा, दुसरे चढा, मग तिसरे. सगळी टेकाडे सारखी, सगळीकडे कारवी, आणि पाण्याने कापलेली प्रत्येक घळ पायवाटेसारखी दिसते. त्या दिवशी पठारावर आमच्याखेरीज आणखी तीन-चार ग्रुप होते आणि प्रत्येक लीडरच्या तोंडात शिट्टी होती. लोक रेंगाळले, वाजव. फोटोला थांबले, वाजव. जेवायला बोलवायचे, वाजव. मी हसून शेजारणीला म्हटलेही, की शाळेच्या मैदानावर यापेक्षा शांतता असते.

त्यातच डाव्या अंगाने एक बारीक, चिरकी शिट्टी आली. थांबली. पुन्हा आली. मी ऐकली. माझ्याबरोबरच्या दोघांनीही ऐकली. “दुसऱ्या कुठल्या ग्रुपचा लीडर असेल,” असे म्हणून आम्ही पुढे चालू लागलो.

मंदिरापाशी डोकी मोजली, एक कमी. एकविशीचा मुलगा होता. पोंचो काढायला म्हणून वाटेच्या कडेला थांबला, दोन मिनिटांत मान वर केली तर कोणी नाही. तो सापडायला अडीच तास लागले. शोधून काढले ते मंदिराजवळ पिठलं-भाकरीची झोपडी चालवणाऱ्या एका मामांनी. ते हातात कंदील घेऊन गेले, प्रत्येक टेकाडावर उभे राहून लांबलचक हाळी द्यायचे, मग चांगला मिनिटभर कान देऊन ऐकायचे. मुलगा गारठला होता, गुडघा फुटला होता, बाकी ठीक. झोपडीत चहा पिताना तो जे म्हणाला ते अजून माझ्या कानात आहे. तो म्हणाला, “मला शिट्ट्या सारख्या ऐकू येत होत्या, मॅडम. ज्या दिशेने आली तिकडे मी चालायचो. मग दुसरीकडून यायची.” आणि मामा चुलीतली लाकडे सारत म्हणाले, “शिट्ट्या तर दिसभर चालूच असत्यात ताई. त्यातली खरी कोणती धरायची?”

ग्रुपचे नाव मी घेणार नाही. लीडर मुले मेहनती होती, त्यांच्या जागी मी असते तरी त्या दिवशी वेगळे काही केले नसते. पण ती शिट्टी मी ऐकली होती. म्हणून हे पत्र.

माझी पहिली विनंती तुम्हाला उलटी वाटेल. सगळ्यांना शिट्ट्या वाटा, असे मी आधी म्हणत नाही. आधी तुमच्या तोंडातली शिट्टी काढा. माणसे हाकायला, थांबवायला, जेवायला बोलवायला शिट्टी वापरणे कृपा करून बंद करा. त्यासाठी आवाज आहे, हात आहेत, पुढच्याने मागच्याला निरोप देण्याची पद्धत आहे, हल्ली पुष्कळ लीडरकडे वॉकीटॉकीही असतात. रात्री शेकोटीभोवती बसून तुम्ही सगळे पावनखिंडीची गोष्ट सांगता. १६६० सालच्या त्या रात्रीनंतर घोडखिंडीत लढणारे कान कशाकडे लावून होते? विशाळगडावरच्या तोफांकडे. महाराज गडावर पोचल्याची ती खूण होती आणि तिचा दुसरा काही अर्थ नव्हता. तीच तोफ दिवसभर कुणाच्या लग्नावरातीसाठी उडत राहिली असती, तर खिंडीत कुणाला काय कळले असते?

डोंगरातल्या शिट्टीचा अर्थ एकच असला पाहिजे: मी अडचणीत आहे, इकडे या. विमानातल्या जीवरक्षक जॅकेटला शिट्टी लावलेली असते ती याचसाठी, हवाई सुंदरी ती हातात धरून दाखवते. ती शिट्टी वाजवून कोणी चहा मागवत नाही.

आता शिट्टी कुठली, हे सांगते. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ट्रेकच्या सूचनांमध्ये तुम्ही ‘टॉर्च, शिट्टी, पाण्याची बाटली’ एवढेच लिहिता आणि मुले घरातले जे सापडेल ते घेऊन येतात. जत्रेतली पिपाणीही मी पाहिली आहे.

बहुतेकांच्या घरात असते ती शाळेतली गोल पोटाची, आत गोळी असलेली शिट्टी. तिचा मूळ अवतार इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या जोसेफ हडसन यांनी १८८४ च्या सुमारास आणला आणि पुढे जगभरच्या पंचांच्या गळ्यात ती जाऊन बसली. मैदानावर ती उत्तम. आतली गोळी फिरते तसा आवाज थरथरतो आणि थरथरणारा आवाज एकसुरीपेक्षा चटकन लक्षात येतो. पण ऑगस्टमधल्या तालुका स्पर्धांत, भर पावसात, खो-खोच्या मैदानाकडेला उभे राहून मी कितीदा फुंकले आणि नुसती फुस्स हवा आली आहे! गोळी बुचाच्या लाकडाची असेल तर ओलाव्याने फुगते. प्लास्टिकची असेल तर थुंकी आणि चिखलाने चिकटते. घाबरलेला माणूस जीव खाऊन फुंकतो, तेव्हा तर ती हमखास अडकते. मैदानावर शिट्टी अडकली तर मी हात वर करते, खेळ थांबतो. धुक्यात वर केलेला हात कोण बघणार?

हाच प्रकार रॉन फॉक्सक्रॉफ्ट नावाच्या कॅनडाच्या एका बास्केटबॉल पंचाच्या बाबतीत झाला. ऐन सामन्यात गोळी अडकली, शिट्टी वाजलीच नाही. त्याने तो अपमान मनाला लावून घेतला आणि गोळीच नसलेली शिट्टी बनवून घेतली. १९८७ च्या पॅन अमेरिकन स्पर्धांत ती पंचांच्या हाती दिसली. तीच फॉक्स ४०. तिच्यात हवेला जायला तीन वेगवेगळे कप्पे आहेत. तिन्हींचा सूर किंचित वेगळा, त्यामुळे ते एकमेकांवर आदळून तीच थरथर तयार होते, गोळीवाचून. याच ब्रँडची घ्या असे मी म्हणत नाही, बिनगोळीच्या इतर शिट्ट्याही मिळतात. पण बिनगोळीचीच घ्या. पाण्याच्या बादलीत बुडवून काढा, न झटकता फुंका. पहिल्या नाही तर दुसऱ्या फुंकरीला पूर्ण आवाजात वाजली तर ती पावसाळी सह्याद्रीच्या कामाची. ही परीक्षा घरच्या मोरीत होते, तिला दुकानदाराची परवानगी लागत नाही.

धातूची चकचकीत नळी, किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवायची, दिसायला छान असते. ओल्या, बधिर बोटांतून ती सुटते. आणि तुमच्यातले जे ग्रुप डिसेंबर-जानेवारीत हिमालयातल्या बर्फाळ केदारकांठ्याला बॅच नेतात, त्यांनी तर धातूच्या वाटेला जाऊच नये. कडक थंडीत धातू ओठाला चिकटतो आणि श्वासातली वाफ आत गोठते. प्लास्टिकची, भडक केशरी किंवा पिवळी, दातात धरता येईल अशा चपट्या तोंडाची घ्या. दातात धरण्याचे महत्त्व ज्याचा हात मोडला आहे त्याला विचारा.

आता डेसिबल. पाकिटावर ११५, १२० असे मोठमोठे आकडे छापलेले असतात. ते किती अंतरावर मोजले, हे बहुतेक पाकिटे सांगत नाहीत. हिशेब साधा आहे: मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. १ मीटरवर ११५ धरले, तर १ किलोमीटरवर कागदावर ५५ उरतात. त्यातूनही हवा आपला वाटा खाते, कारण चढा सूर हवेत लवकर विरतो, आणि मध्ये डोंगराची सोंड आली तर ती उरलेलाही गिळते. त्यामुळे ‘दोन किलोमीटर ऐकू येते’ यावर विसंबू नका. समोरासमोर दरी असेल आणि वारा पडलेला असेल तर येईलही. धबधब्याशेजारी दोनशे मीटरवरही मुश्किलीने येईल.

तरीही आरोळीपेक्षा शिट्टी बरी, आणि त्याला कारण आहे. माणसाचा कान साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि चांगली शिट्टी नेमकी त्याच पट्ट्यात बोलते. वाऱ्याची घरघर बरीचशी खालच्या सुरात असते, आपली हाकही तिच्यात बुडते, शिट्टी वर तरंगते. दुसरे म्हणजे घसा. दहा मिनिटे जिवाच्या आकांताने ओरडून बघा, अकराव्या मिनिटाला काय निघते ते. शिट्टी रात्रभर वाजवता येते. मामांच्या हाळीपुढे मात्र माझे हे सगळे शास्त्र फिके पडते, हे मान्य. पण ती हाळी आणि तिच्यानंतरचे ते मिनिटभराचे ऐकणे त्यांच्याकडे वाडवडिलांपासून आले आहे, आपल्याला ते एका शनिवार-रविवारात येणार नाही.

त्या मुलाकडे शिट्टी नव्हती असे नाही. सॅकच्या छातीवरच्या पट्टीला जो बकल असतो, त्यातच एक चिमुकली शिट्टी घडवलेली असते. हल्लीच्या अनेक सॅकना असते, कितीतरी जणांना ते ठाऊकही नसते. त्याला ठाऊक होते, हे विशेष. पण तिचा आवाज चिमणीएवढा. काहीच नसण्यापेक्षा बरी, एवढेच. शिवाय ती सॅकला जोडलेली, सॅक घसरून दरीत गेली की शिट्टीही गेली. ‘बॅगमध्ये इनबिल्ट आहे’ असे कोणी म्हणाले तर त्याला तिथेच, बसपाशी, वाजवायला सांगा. सगळे हसतील, आणि मग विकत घेतील.

खरेदी केली तरी ठेवायची कुठे हा प्रश्न राहतो. सॅकच्या तळाशी, फर्स्ट एडच्या डबीत, अशी ठेवलेली शिट्टी म्हणजे कपाटात कुलूप लावून ठेवलेली छत्री. खांद्याच्या पट्ट्यावर छोट्या दोरीने बांधा, मान वळवली की तोंडात येईल इतकी जवळ. गळ्यात घालायची तर दोरी अशी हवी की झटका बसला की सुटेल. शाळेत मी ती जाड दोरी बिनधास्त घालते, पण कातळटप्प्यावर किंवा रॅपलिंग करताना गळ्यातली न सुटणारी दोरी हा फास आहे.

आता खुणेबद्दल. आपल्या घरात कुकर लागतो तेव्हा आतल्या खोलीत पेपर वाचणारा माणूसही नकळत मोजत असतो. “तीन झाल्या, गॅस बंद कर,” असे तिथूनच ओरडतो. भाताला किती, डाळीला किती, राजम्याला किती, हे पाठ असलेल्या राज्यात आपल्याला फक्त आणखी दोन आकडे पाठ करायचे आहेत. सहा आणि तीन. संकटात असलेल्याने एका मिनिटात सहा शिट्ट्या द्यायच्या, साधारण दहा सेकंदाला एक. मग एक मिनिट गप्प राहून ऐकायचे. मग पुन्हा सहा. ज्याला ऐकू येईल त्याने मिनिटात तीन शिट्ट्या देऊन उत्तर द्यायचे. क्लिंटन डेंट या इंग्रज गिर्यारोहकाच्या सूचनेवरून १८९४ साली आल्प्समध्ये ही पद्धत ठरली, ती आजही चालते. टॉर्चच्या उघडझापेलाही हाच हिशेब. अमेरिकेत संकटाची खूण तीनची मानतात. त्यामुळे ट्रेकला आलेल्यांमध्ये कोणी तीन शिकलेला असतो, कोणी सहा. म्हणून बसमध्येच एकदा सांगून टाका की आपल्या ग्रुपमध्ये सहा म्हणजे संकट. आणि परक्या कुणाची तीन-तीनची रांग पुन्हा पुन्हा येत राहिली, तर ती उत्तर समजून सोडून देऊ नका.

उत्तर तीनचे का असावे, याचे जुने कारण काही का असेना, माझ्यापुरते ते मला कोकणकड्यावर सापडले. त्या अर्धगोल कड्याच्या तोंडाशी उभे राहून मी एकदा वाजवून पाहिले. सहा गेल्या, सहाच परत आल्या, स्वच्छ. घाबरलेल्या माणसाला वाटेल की कोणीतरी उत्तर दिले. डोंगर तुमचेच तुम्हाला परत देतो, सहाला सहा. तीन परत आल्या तर समजायचे, की तिकडे माणूस आहे.

आणि ज्याची शिट्टी, त्याने जागा सोडायची नाही. त्या मुलाची खरी चूक ही, आणि ती त्याची नव्हे, आपली. हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. धुक्यात आवाजाची दिशा कळत नाही, प्रतिध्वनी फसवतो, आणि हरिश्चंद्रगडासारख्या पठारावर चुकीच्या दिशेला चाललेला माणूस कुठे पोचू शकतो हे मी लिहायला नको. हरवलेल्याने बसायचे आणि वाजवायचे. शोधणाऱ्यांनी चालायचे. उत्तर आले म्हणून वाजवणे थांबवायचेही नाही, माणसे हाताला लागेपर्यंत चालू ठेवायचे, कारण ते त्या आवाजावरच येत असतात. मधले ते एक मिनिट मात्र दोन्ही बाजूंनी पाळायचे. मामांनी हाळीनंतर कान दिला म्हणून मुलगा सापडला. आमचे लीडर सलग वाजवत होते, आणि स्वतःच्या शिट्टीखाली त्याची शिट्टी झाकत होते.

तुमच्यातले काही म्हणतील, चाळीस जणांना शिट्ट्या दिल्या तर चाळीस जण दिवसभर वाजवतील. पहिल्या तासात वाजवतील, खरे आहे. शाळेत नवी शिट्टी टेबलावर विसरले की तिचे काय होते हे मला माहीत आहे. म्हणून पायथ्याच्या गावात नव्हे, बस सुटण्याआधी शहरातच एकदा सगळ्यांना वाजवू द्या, हौस फिटू द्या. मग सांगा, की इथून पुढे ज्याची शिट्टी वाजेल त्याच्याकडे सगळा ग्रुप थांबून वळेल. दोनदा असे खरेच वळलात की तिसऱ्यांदा कोणी उगाच वाजवणार नाही. आग्यामोहोळे असलेल्या कड्यांखाली तर शिट्टीच काय, गाणीबजावणीही नको, हे तुम्ही सांगताच.

शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणले. पण हे पत्र मी मंत्रालयाला लिहीत नाही. शिट्टी ही जीआरची वाट पाहण्याजोगी वस्तू नाही. तुमच्या एका ट्रेकच्या फीपुढे तिची किंमत किरकोळ आहे. फीमध्ये धरा आणि टी-शर्टाऐवजी शिट्टी द्या. तुमच्या ग्रुपचे नाव छापलेले पाच टी-शर्ट माझ्या कपाटात आहेत, त्यातले तीन मी फरशी पुसायला काढले आहेत. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या बचाव पथकांतली माणसे रात्री-अपरात्री स्वतःची कामे टाकून दऱ्या उतरतात. त्यांना अंधारात एक नेमका आवाज मिळाला, तर त्यांचेही काही तास वाचतील.

आणखी एक, जे सहसा राहून जाते. वाटेवरच्या गावांना आणि गडावरच्या झोपडीवाल्यांना सहा आणि तीनचा हिशेब सांगा. अडचणीत पहिले धावतात ते तेच. आपली भाषा त्यांनाच ठाऊक नसेल तर ती बोलून काय उपयोग? मामांना मी पुढच्या फेरीत सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग त्या दिसभर वाजवणाऱ्यांचं काय करायचं?” मी म्हटले, त्यांना पत्र लिहिते.

शिट्ट्या निवडायला, वाजवून बघायला कुणाला मदत हवी असेल तर मी येईन. फक्त आमच्या शाळेच्या मैदानावर, आणि रविवारी सकाळी आठनंतर. त्याआधी वाजवल्याबद्दल शेजारच्या सोसायटीने मुख्याध्यापकांकडे एकदा तक्रार केली आहे.

आपली,
मागच्या फळीत चालणारी एक खेळशिक्षिका
संगमनेर